बाबांच्या ऑपरेशनला भाव फुटला

माझे बाबा पेन्सिल होते. म्हणजे त्यांच्या धंद्यात त्यांना तेच म्हणायचे. मुंबईच्या रेसकोर्सवर बुकीच्या शेजारी स्टूल टाकून बसायचं आणि कुणी कुठल्या घोड्यावर किती लावले ते भराभर कागदावर उतरवायचं, ही त्यांची नोकरी. असल्या माणसाला तिथे नाव नसतं. ‘ए पेन्सिल, तीन नंबरवर पाचशे लिही,’ संपला विषय. सगळा कारभार परवान्याचा, पोलिसाला घाबरायचं काही कारण नाही. तरी माझ्या लग्नात सासरी आम्ही सांगितलं, ‘बाबा एका क्लबात क्लार्क आहेत.’ सासरे रिटायर्ड हेडमास्तर. घरात पत्त्यांचा कॅट दिसला तर गोमूत्र शिंपडतील असे. त्यांना काय घोडे सांगणार?

आम्ही मूळचे सारसोळ्याचे, कोळी. आजोबा खाडीत जाळं टाकायचे. बाबांना मात्र मासळीच्या वासानं मळमळायचं, आता कोळ्याच्या घरात जन्म घेऊन हे कसलं नखरेल नाक! पण अक्षर मोत्यासारखं आणि हिशेब तोंडपाठ, म्हणून गावातल्या कुणीतरी त्यांना रेसकोर्सवर नेऊन बसवलं, ते तिथेच म्हातारे झाले. हल्ली सगळं मोबाईलवर चालतं, पेन्सिल धरणारा माणूस कुणाला हवाय? पण बाबांचा कंपू टिकून होता. महिन्यातून एकदा नेरूळच्या एका उडप्याकडे तिघं जमायचे आणि एका कॉफीवर दोन तास टेबल अडवायचे.

तिघं म्हणजे एक बाबा. दुसरे शेठ, ज्यांच्याकडे बाबांनी जन्मभर नोकरी केली. शेठ ‘खाणारे’. पब्लिक लावतं आणि बुकी खातो, असं तिकडे बोलतात. लावणारा म्हणतो हा घोडा जिंकणार. खाणारा म्हणतो नाही जिंकत, हरला की तुझे पैसे माझे, जिंकला तर मी तुला देतो. एवढंच ते शास्त्र. शेठ म्हणायचे, समोर देव येऊन लावायला उभा राहिला तरी मी खाईन. तिसरा भोंगा. भाव ओरडून सांगायची नोकरी होती त्याची. पंधरा वर्षांपूर्वी रिटायर झाला, पण आवाज काही रिटायर झाला नाही. उडप्याकडे ‘एक मेदूवडा’ म्हणाला तरी रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघतात.

एक चौथाही होता, पण त्याचं नाव काढलं की बाबा पान थुंकायला उठायचे. तो टिपर. म्हणजे ‘आतली खबर आहे, डोळे मिटून लाव’ असं लोकांच्या कानात सांगून चार पैसे कमावणारा. त्याची एक खबर कधी खरी ठरेल तर शपथ! त्यानं घोड्याचं नाव घेतलं की घोडा लंगडायचा, नाहीतर जॉकी पडायचा. स्वतः लावायचा तेही बुडायचं. रेसकोर्सवर सगळे त्याला पनवती म्हणायचे, तोंडावर. तोही ‘ओ’ द्यायचा. माझ्या लग्नात या गृहस्थानं माझ्या नवऱ्याच्या मामाला जेवणाच्या पंगतीत गाठून एक पक्की खबर दिली. मामांनी दुसऱ्या दिवशी आहेराची पाकिटं त्या घोड्यावर लावली. तो घोडा अजून पळतोय. क्लबातला क्लार्क ही थाप सासरी दोन दिवससुद्धा टिकली नाही, आणि तेव्हापासून बाबांनी पनवतीशी बोलणं टाकलं. मी तर त्याच्या नावानं बोटं मोडायची.

बाबांचा एकच नियम होता, पेन्सिलनं लावायचं नाही. लिहिणाऱ्यानंच लावलं तर लिहिलेल्यावर विश्वास कोण ठेवणार? एवढी वर्षं लोकांच्या पैजा लिहिल्या, स्वतः एक रुपया लावला नाही. रेस सोडाच, सोसायटीच्या गणपतीत हाऊसीचं तिकीट घेतलं नाही. मी म्युच्युअल फंडाचं बोलले तर म्हणाले, “त्यात जोखीम हाय, नीट वाचा, असा तो बाबा टीव्हीवर स्वताच बोलतो. वाचली. नको.”

तर गेल्या वर्षी हे बाबा मासळीबाजारात बोंबलांच्या भावावरून भांडता भांडता छातीला हात लावून खाली बसले. नाक मुरडून का होईना, बाजार तेच करायचे, आई गेल्यापासून. कोळणींनीच उचलून रिक्षात घातलं. मी सीवूड्सवरून धावतपळत नेरूळच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्यांच्या नाकात नळी होती आणि ते नर्सला सांगत होते की बोंबील महागच होते.

हृदयाच्या तीन नळ्या बंद निघाल्या. डॉक्टर तरुण होता, गोड बोलायचा. म्हणाला, बायपास करावी लागेल, ती या आठवड्यातच. नाही केली तर पुढचा झटका कधी येईल सांगता येत नाही आणि तो आला तर हॉस्पिटलपर्यंत पोचाल असं नाही. आणि केली तर?

“चान्स चांगला आहे काका.”

“चांगला म्हंजे किती?” बाबा म्हणाले. “भाव बोला.”

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “आकडा सांगा त्यांना, नाहीतर सोडायचे नाहीत.” तो बिचारा घुटमळला. तसं सांगता येत नाही, वय आहे, शुगर आहे, हृदय थोडं थकलेलं आहे. शेवटी म्हणाला, “तुमच्यासारखे दहा पेशंट आले तर नऊ चालत घरी जातील, असं समजा.”

मला हायसं वाटलं. कुणालाही वाटेल. पण बाबांचा चेहरा उतरला.

डॉक्टर गेल्यावर मी फॉर्म पुढे केला. संमतीपत्र. ते त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. ऑपरेशनमधली जोखीम मला समजावून सांगण्यात आली आहे, काही बरंवाईट झाल्यास त्याची जबाबदारी माझी, वगैरे. मग कागदाची व्यवस्थित घडी घालून तो माझ्या हातात दिला.

“मी नाय सही करनार.”

“का?”

“ही सही नाय गो पोरी. हे लावनं हाय. दहात नऊ जिंकनारा घोडा. असल्या घोड्यानं किती मानसं रडवली ती मी लिवलीत. सगली बोलायची, हा काय हरतो! आनि हरायचा. मी माजा जीव नाय लावनार.”

“अहो बाबा, पण सही न करणं म्हणजेसुद्धा लावणंच आहे ना? झटका येणार नाही यावर!”

“ते मी नाय लावलं. ते देवानं लावलं. माजं नाव नाय त्याच्यात.”

मी भांडले. रडले. खरं सांगते, शिव्यासुद्धा दिल्या, मनातल्या मनात. दोन दिवस गेले. माझ्या नवऱ्यानं समजावलं, हेडमास्तर सासऱ्यांनी फोनवर गीतेतला श्लोक ऐकवला. डॉक्टर येऊन हसून जायचा, मग न हसता जायला लागला. तिसऱ्या दिवशी त्यानं मला बाहेर बोलावलं आणि म्हणाला, “मॅडम, उद्या सकाळचा स्लॉट मी धरून ठेवलाय. संध्याकाळपर्यंत सही नाही मिळाली तर सोडावा लागेल.” आई गेल्यावर बाबा हा एकच माणूस होता जो मला ‘जेवलीस का’ विचारायला रोज फोन करायचा, आणि तो एका कागदापायी मरणार होता. तत्त्वासाठी! पेन्सिलच्या तत्त्वासाठी!

मी भोंग्याला फोन लावला. म्हटलं, काका, तुमच्या भाषेत तुम्हीच समजवा, माझी भाषा संपली.

चारला भेटीची वेळ. चारला पाच कमी असताना लिफ्टपाशी आवाज आला, “अरे कुठे पडलाय आपला पेन्सिल!” आणि अख्ख्या मजल्याला कळलं की भोंगा आला. मागून शेठ, काठी टेकत. एका पेशंटला एकच पास, पण सिक्युरिटीवाल्यानं भोंग्याचा आवाज ऐकून दोघांनाही सोडलं असावं, कटकट नको म्हणून.

मला वाटलं, हे येऊन धीर देतील. देव आहे, सगळं ठीक होईल, असं काहीतरी. छे! भोंग्यानं स्टूल ओढलं, फाईल उघडली आणि रेसबुक वाचल्यासारखा माझ्या बापाचा रिपोर्ट वाचायला लागला. “वय अडुसष्ट. वजन ब्याऐंशी, जास्त आहे. शुगर, म्हणजे ट्रॅक ओला. पण जॉकी चांगला दिसतो, तो डॉक्टर. पोरगा तरुण आहे, हात थरथरत नाहीत. काय शेठ, किती फोडायचा भाव?”

शेठ म्हणाले, “शंभराला दहा.”

म्हणजे बाबा वाचणार यावर शंभर लावायचे, वाचले तर वर दहा मिळतील. मी म्हटलं, “लाज वाटते का तुम्हाला? माणूस मरतोय इथे!” पण बाबांकडे बघितलं तर तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जीव दिसला. त्यांनी उशाचा डाएटचा कागद उलटा केला, नर्सच्या ट्रेमधलं पेन घेतलं आणि लिहायला सरसावले. स्वतःच्या मरणाचं पुस्तक स्वतःच उघडून बसले. नळी नाकात!

“माझे शंभर,” भोंगा ओरडला. “हा वाचतो!”

“हलू बोल रे,” म्हणत बाबांनी लिहिलं.

शेजारच्या खाटेवर एक पाय मोडलेले गृहस्थ होते, उलव्याचे. ते कोपरावर उठून म्हणाले, “माझेपण शंभर घ्या हो. तीन दिवस बघतोय, हा माणूस मरणाऱ्यातला नाय.” तेही लिहिले. शेठनी पाकीट काढलं. “माझे शंभर. वाचतो.”

बाबांचं पेन थांबलं. “शेट, तुमी लावताव?”

“हो.”

“मग खानार कोन?”

मलाही आता कळलं. सगळे लावणारे. सगळ्यांना बाबा जगायला हवे होते. पण समोर खाणारा नसेल तर पैज होत नाही. कुणीतरी म्हणायला हवं, नाही, हा मरतो. भोंग्यानं शेठकडे बघितलं. देवाचेही पैसे खाईन म्हणणारा तो म्हातारा काठीच्या मुठीकडे बघत बसला होता.

“खा ना शेट,” बाबा हळूच म्हणाले. “जन्मभर खाल्लंत.”

“तुझ्यावर नाही खाणार,” शेठ म्हणाले.

बाबांनी पेनाला टोपण लावलं. “खानारा नाय म्हंजे बाजार नाय. बाजार नाय तर सही पन नाय.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. भेटीची वेळ संपायला वीस मिनिटं उरली होती. मला वाटलं, संपलं. या वेड्या म्हाताऱ्यांना बोलावून मीच घोळ घातला.

“मी खातो.”

दारात पनवती उभा होता. त्याला कुणी सांगितलं देव जाणे, भोंग्यानं गुप्त म्हणून सांगितलं असेल म्हणजे निम्म्या नेरूळला कळलंच असणार. झिजलेल्या चपला, हातात दोन मोसंबी. आत यायची हिंमत नव्हती, एक पाय बाहेरच.

“काय खातोस?” भोंगा म्हणाला.

“सगळं. जेवढं लागलंय तेवढं. पेन्सिल उद्या मरतो.”

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! मी उठून त्याच्या अंगावर धावले. “तोंड सांभाळा! माझं लग्न नासवलंत ते पुरलं नाही का? माझेपण शंभर लिहा हो बाबा! वाचतो! आणि याला सोडू नका!” माझी पर्स उलटी झाली, नाणी गडगडत खाटेखाली गेली. नर्स ओरडत आली. आयुष्यात पहिल्यांदा मी जुगार खेळले, आणि तोही किंचाळत.

आणि खाटेवरून खॅक खॅक असा आवाज आला. मला वाटलं, झटका. वळून बघते तर बाबा हसत होते. पोट धरून हसत होते. मशीन टीं टीं करायला लागलं, नर्स म्हणतेय काका शांत व्हा, आणि काका हसतायत, डोळ्यांतून पाणी.

“पनवती बोलतो मी मरतो!” ते म्हणाले. “पनवतीनं पैसे टाकलं मी मरतो म्हनून! अरे मंग आता मी कसला मरतोय! यमाचा बाप आला तरी नाय मरत! लिव... नाय, मीच लिवतो. शंभर. स्वता.” आणि त्यांनी स्वतःच्या नावापुढे शंभर लिहिले. एवढ्या वर्षांचं सोवळं एका ओळीत मोडलं. मग हात पुढे केला. “आन गो तो कागद.”

मी फॉर्म दिला. त्यांनी सही केली, खाली तारीख, आणि भोंगा ओरडला, “बाजार बंद!” नर्सनं सगळ्यांना हाकललं.

लिफ्टपाशी मी पनवतीला गाठलं. सही मिळाली होती, खरं तर पाय धरायला हवे होते. पण मी म्हटलं, “मरतो म्हणालात तुम्ही माझ्या बापाला. उद्या इथे तोंड दाखवू नका.” तो मोसंबी माझ्या हातात देऊन जिन्यानं उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बाबांना आत नेलं. जाताना मला म्हणाले, “जेवून घे.” मी बाकड्यावर बसले. एक तास, दोन तास, पाच तास. नवरा चहा आणत होता, मी गार करून परत देत होते. आणि एक विचार डोक्यातून जाईना. पनवतीचा प्रत्येक घोडा हरतो, यावर आम्ही सगळ्यांनी, चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांनी, बाबांचा जीव लावला होता. पण कधीतरी, चुकून का होईना, माणसाचं एकदा लागतंच की. आजच लागलं तर? मी त्या बाकड्यावर बसून देवाला म्हणत होते, आणखी एकदा हरव रे त्याला. फक्त एकदा.

दीडच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आला, टोपी काढली आणि म्हणाला, “छान झालं. हृदय आपलं आपण सुरू झालं.” मला पुढचं काही ऐकू आलं नाही. भोंग्याला फोन करायचा म्हणून मी खाली धावले, वर रेंज नसते म्हणून, की नुसतं धावावंसं वाटलं म्हणून.

गेटाबाहेर नारळवाल्याच्या गाडीपलीकडे फुटपाथवर पनवती बसला होता. उन्हात. डोक्यावर रुमाल. मला बघितलं आणि घाईघाईनं उठून निघायला लागला. नारळवाला म्हणाला, “सुबह छह बजे से बैठा है, पानी भी नहीं पिया.”

“काका!” मी हाक मारली. जन्मात पहिल्यांदा त्याला काका म्हटलं असेन.

तो थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, “तू तोंड दाखवू नको म्हणालीस. मी आत नाही आलो. गेटच्या आत पाऊल नाही टाकलं. माझी सावली नको म्हटलं.” मग मूठ उघडली. आतमध्ये दहाच्या पाच नोटा होत्या, घामानं पार भिजून एकमेकींना चिकटलेल्या. आमच्या पाच जणांचे, प्रत्येकी दहा. बाबा वाचले तर द्यायचे तेवढेच पैसे घेऊन माणूस पहाटेच घरातून निघाला होता.

“हरलो का गं?” त्यानं विचारलं.

“हरलात.”

“नक्की? नीट विचारलंस? पुन्हा तपासतील, मग सांगतील, असं तर नाही ना?”

“नाही काका. सपशेल हरलात.”

तो फुटपाथवर मटकन बसला आणि रडायला लागला. लहान पोरासारखा, तोंड उघडं टाकून. “पन्नास वर्षं,” तो म्हणाला, “पन्नास वर्षं देवाला म्हणतोय, एकदा जिंकव. एकदा तरी जिंकव. आज सकाळपासून म्हणतोय, माझं ते आधीचं काही धरू नको. आणि सारखी भीती, की देवाला आठवायचं आणि तो आजच देऊन टाकायचा.”

मी त्याच्याशेजारी बसले. नारळवाल्यानं न विचारता दोन नारळ फोडले.